अंधारखोलीतला अंगठा

या मथळ्याचं एक पत्रक मी चार वर्षांपूर्वी छापलं होतं. शहाद्याच्या बाजारात उभं राहून मोठ्या आवाजात वाचलं होतं. त्यातला मजकूर खोटा होता. मी खोटं बोललो नव्हतो, तरी तो खोटा होता. असं होऊ शकतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर एका बाईची नोकरी गेली नसती आणि माझ्या वडिलांना भर बाजारात स्वतःच्या मुलासमोर साक्ष द्यावी लागली नसती. म्हणून तोच मथळा पुन्हा घेतो आहे.

धनुर्वातातून उठलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. मला ती कळत नाहीत, आणि ज्यांना कळतात त्यांनी मला कसलीच माहिती दिली नाही.

खिळा

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहाद्यात तेलघाण्याच्या मागे आमच्या मंडळाची खोली होती. आम्ही सहा जण होतो. कोऱ्या कागदावर लोकांचे अंगठे घेणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो. धडगावकडून डोंगरातली माणसं खाली येत, त्यांच्याकडून तक्रार ऐकायची, लिहायची, छापायची आणि बाजाराच्या दिवशी उभं राहून वाचायची, कारण वाचता येणारे थोडे. आमचा एक नियम होता. तक्रारीचं पत्रक छापायचं तर दोन साक्षीदार हवेत. मजकूर तक्रारदाराला आधी वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा. हा नियम मीच केला होता. तो पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

बाजारात बैलांना नाल ठोकतात त्या जागी मी अनवाणी गेलो आणि नालेचा जुना खिळा टाचेत गेला. हळद आणि चुना भरला, चिंधी बांधली आणि विसरलो. पुढच्या बाजारी पत्रक वाचायला उभा राहिलो तर तोंड अर्ध्यातच अडलं. जबडा उघडेना. शब्द दातांतून गाळून यायला लागले. समोरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "सरकारनी तुन्हा तोंडले कुलूप लाई दिन्हं का भाऊ?" लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला आणि मान मागे ओढली गेली ती तशीच राहिली.

सरकी नेणाऱ्या ट्रकमध्ये घालून मला जिल्ह्याच्या गावी मोठ्या इस्पितळात नेलं. खड्ड्या-खड्ड्याला शरीर कमानीसारखं वाकत होतं. शुद्ध पूर्ण होती. या आजाराची हीच हरामखोरी आहे, माणूस सगळं बघत असतो. डॉक्टरांनी टाचेकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बाजूला घेऊन सांगितलं. मला सांगितलं नाही. आक्का परत आली तेव्हा पदराचं टोक तिच्या तोंडात होतं. माझं निदान मला असं कळलं.

खोली

व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. खिडकीवर काळी घोंगडी टांगलेली. उजेड आला, आवाज झाला, कुणी खाटेला धक्का लावला की झटका येतो, म्हणून सगळी सोय अंधाराची. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. आत येणारा चपला बाहेर काढायचा, देवळात जाताना काढतो तशा. बोलायचं ते कानाशी. नाकातून नळी, गळ्याला भोक पाडून त्यात धातूची नळी, आणि झोपेची इंजेक्शनं. गळ्याला भोक म्हणजे आवाज नाही. ज्याची सगळी कमाई आवाजावर, त्याचा आवाज बंद. मी नळ्या ओढू नयेत म्हणून हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते.

सव्वीस दिवस. उशाशी रात्रंदिवस एक माणूस लागायचं. दिवसाचा बहुतेक वेळ आक्का असायची. तिच्यासोबत, आणि ती नसताना एकटी, एस्तेर सिस्टर असायची. नवापूरच्या डोंगराकडची, शेतकरी ख्रिस्ती घरातली, नर्सिंग शिकून आलेली. गळ्याच्या नळीत कफ अडकला की ती पायाने पंप मारून तो ओढायची. किती वेळा, ते तिलाही सांगता येणार नाही.

हे सगळं मला आक्काने नंतर सांगितलेलं आहे. माझ्या आठवणीत जे आहे ते वेगळं आहे.

माझ्या आठवणीत ती खोली इस्पितळात नाहीच. ते कापसाच्या जिनिंगचं गोदाम आहे. भिंतीपलीकडे यंत्र घरघरतंय. मला गाठोड्यासारखं बांधून टाकलंय. एक बाई खिडकीवरच्या घोंगडीचा कोपरा उचलते आणि बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या टोपीवाल्या दलालाच्या हातात बाटली देते. बाटली माझ्या औषधाची आहे, मला पक्कं माहीत आहे. दोघं कुजबुजतात. मग ती बाई माझ्यापाशी येते, माझा डावा हात सोडवते, अंगठ्याला शाई लावते आणि कोऱ्या कागदावर दाबते. त्या कागदावर पुढे लिहिलं जाणार आहे की मंडळाच्या सगळ्या तक्रारी खोट्या होत्या आणि मी त्या मागे घेतो. मी ओरडतो. आवाज येत नाही. बाईचं तोंड दिसतं. ती एस्तेर सिस्टर आहे.

हे स्वप्नासारखं आठवत नाही, हे आधी समजून घ्या. स्वप्न सकाळी विरतं. मी काल जेवलो ते आठवतं तसं हे आठवतं. शाईचा गारवा आठवतो. आणि शुद्धीवर आलो तेव्हा माझा डावा अंगठा जांभळा होता. यापेक्षा जास्त पुरावा कुठल्या माणसाला लागतो?

बरा शे ना

घरी आणलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं, रोगी बरा. तापीकाठचं आमचं गाव, घरात गुजरी बोलणारी माणसं, केळीचा मळा. सगळं गाव बघून गेलं. आल्या-गेल्याचा एकच प्रश्न, "आते बरा शे ना?" आणि नजर दंडावर, मांडीवर. अंगावर मांस आलं की माणूस बरा, असा हिशेब. माय तूप वाढायची. डोक्यात काय चाललंय हे विचारणारा एक जण आला असता तर मी त्याचे पाय धरले असते. कुणी आलं नाही.

काय चाललं होतं ते लिहितो, कारण तुमच्याही घरात ते चाललेलं असू शकतं. वर्तमानपत्राची एक ओळ मी तीन वेळा वाचायचो आणि चौथ्या वेळी ती नवी असायची. चुलतभावाचं नाव आठवेना. शहाद्याच्या एस. टी. स्टँडवरून मंडळाच्या खोलीकडे जायचा रस्ता, जो मी डोळे मिटून चाललो असतो, त्यावर मी पाणपोईपाशी थांबलो आणि कुणीकडे वळायचं ते कळेना. एका ओळखीच्या हमालाने हात धरून नेलं, आणि मी त्याच्यावर खेकसलो. कंडक्टरने घंटी ओढली की सगळं अंग ताठ व्हायचं. घरात ताट पडलं की मी रडायचो. रडतो म्हणून राग यायचा, आणि राग मायवर निघायचा. दार लावून झोपता येईना. अंधार चालेना, कंदील मोठा ठेवला तर वडील रॉकेल आणून ठेवायचे.

आक्काने महिनाभर सासर सोडून माझं केलं. परत गेली तेव्हा तिच्या सासूने ऐकवलं, भावाच्याच घरी लग्न लावून घ्यायचं होतं. हे मला आक्काने सांगितलं तेव्हा मी तिला काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, तू खोलीत होतीस ना, मग त्या बाईला अडवलं का नाहीस? डॉक्टर आक्काला बोलले होते की काही दिवस हा भलतंसलतं बोलेल, वाद घालू नका. तिने वाद घातला नाही. तेच चुकलं. आणि डॉक्टरांनी हे तिला सांगितलं, मला नाही. डोकं माझं, आणि त्याची खबर दुसऱ्याला.

साक्षीदार

चौथ्या महिन्यात मी मंडळाच्या खोलीत जाऊन पत्रक लिहिलं. एरवी धड एक अर्ज लिहिता आला नसता अशी माझी अवस्था, पण हे एका बैठकीत उतरलं. इस्पितळात बांधून ठेवलेल्या रोग्याचं औषध दलालाला विकतात आणि कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेतात. नर्सचं नाव, तिचं गाव, सगळं घातलं. आम्हाला शिकवलंच तसं होतं, नाव घेत नाही तो भित्रा.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे गोविंदभाऊ आमचेच माणूस. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा वर केला.

"साक्षीदार कोन शे?"

"मी."

"दुसरा?"

"ज्याच्यावर बेतलं तोच सांगतोय. दुसरा कशाला हवा?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, नियम तुझाच आहे. मी म्हणालो, नियम अंगठेवाल्यांसाठी आहे, मला सही येते. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे. डोंगरातल्या माणसाच्या शब्दाला आम्ही दोन साक्षीदार मागायचो आणि स्वतःच्या शब्दाला एकही नाही. आजार मला नसता झाला तरी ही घाण माझ्यात होतीच.

पत्रकं पंधरा दिवस फिरली. इस्पितळात गेली, नवापूरच्या स्टँडवर चिकटवली गेली. बाजाराच्या दिवशी मी स्वतः वाचायला उभा राहिलो. गळ्याची जखम भरली होती, आवाज घोगरा झाला होता, त्यामुळे लोक जास्तच कान देऊन ऐकत होते. वाचत वाचत पांढऱ्या टोपीवाल्या दलालाच्या ओळीपाशी आलो तेव्हा गर्दीतून एक माणूस पुढे आला. डोक्यावरची टोपी त्याने काढून हातात घेतली होती. ते माझे वडील. केळीची गाडी घेऊन आले होते.

ते बाजारात कधी बोलत नाहीत. घरातही थोडंच बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून बाजाराच्या बोलीत म्हणाले, "तो टोपीवाला मी व्हतू. इस्पितळात इंजेक्शन सरी गयं व्हतं. सिस्टरनी माले रिकामी बाटली दिन्ही, तेच औषध सुरतथाईन आनाले. दार उघडं तर तुले उजेड लागस, म्हनीसन खिडकीमाईन दिन्ही." मग, "तू माले वळखं नही."

बाटली दाखवल्याशिवाय दुकानदार भलतंच काही देईल, म्हणून रिकामी बाटली. वडील नंदुरबारला गेले, सुरतेची गाडी धरली, आयुष्यात पहिल्यांदा सुरत बघितली ती त्या बाटलीसाठी. परत आले तेव्हा मी तीन दिवस मेल्यासारखा होतो. यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नव्हतं. का, म्हणून पुढे विचारलं तर म्हणाले, बरा झालास, सांगायचं काय?

मी हातातलं पत्रक घडी करून खिशात घातलं. गर्दी पांगली. केळीची गाडी आम्ही दोघांनी मिळून खाली केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काच्या सासरी गेलो आणि पहिल्यांदा तिला नीट विचारलं. अंगठा? ती म्हणाली, तू हात सोडवून गळ्याची नळी ओढलीस, तिच्या कडेने अंगठा फाटला, सिस्टरने जांभळं औषध लावलं. कागद? कागद कसला, ताप लिहायचा तक्ता होता तो, तुझ्या खाटेला टांगलेला, तिने तो मांडीवर धरला होता. आणि यंत्राची घरघर? आक्का म्हणाली, तो पंप रे. ती पाय मारायची तो.

नवापूर

इस्पितळाने एस्तेर सिस्टरला आधी त्या खोलीतून काढलं, मग सुट्टीवर पाठवलं, मग परत बोलावलंच नाही. मी चुकलो असं मी लिहून कळवलं तर उत्तर आलं नाही. का येईल? धनुर्वाताचं इंजेक्शन त्या आठवड्यात इस्पितळात नव्हतं, ही खरी तक्रार होती. शेजारच्या खोलीतला एक माणूस त्यापायी गेला, असं आक्का सांगते. त्याच्यासाठी सुरतेला जाणारं कुणी नव्हतं. त्याचं पत्रक काढायला हवं होतं. मी मात्र त्यांना आयतं उत्तर छापून दिलं, औषध कमी पडलं कारण नर्सने विकलं. माझ्या हातून आजवर झालेलं सर्वात प्रभावी पत्रक हेच.

नवापूरला उतरून डोंगराकडे दोन तास चाललो. ती शेतात आईबरोबर भात कापत होती. मला बघून विळा खाली ठेवला, आईला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आई माझ्याकडे बघून थुंकली आणि पुन्हा कापायला लागली. आईने विळा ठेवला नाही.

मी पाठ केलेली माफी म्हटली. मधेच विसरलो. ती वाट बघत उभी राहिली, जशी रोग्यासाठी राहतात तशी, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

मग म्हणाली, "मला वाटलं होतंच, तुम्ही काहीतरी बघितलं असणार. त्या खोलीतले सगळे बघतात. एका आजोबांना मी त्यांची मेलेली सून दिसायची, जेवण घ्यायचे नाहीत. एक जण म्हणायचा, खाट तापीत सोडलीय. घरी जातात, गप्प बसतात. तुम्ही छापलंत, इतकाच फरक."

"तुम्हाला हे माहीत होतं? मग जाताना सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगू? डिस्चार्जच्या कागदावर त्याला जागा कुठे असते? मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, जीव वाचला, पुरे."

जीव वाचला, पुरे. एवढे पैसे, एवढं जागरण, एवढी माणसं राबवून जो जीव वाचवायचा, त्यात डोकं धरायचं नाही. बैल बरा झाला तरी धनी चार दिवस त्याला जू न लावता चालवून बघतो. माणसाला कागद देतात आणि दाराबाहेर करतात.

मी विचारलं, मी आता काय करू? ती म्हणाली, "नाव घालून छापलंत ना? मग माफीही नाव घालूनच छापा. आणि वाचायला उभं राहा. माझ्या आईला ऐकायला आणीन." आणली नाही. नवापूरच्या बाजारात मी वाचलं तेव्हा त्या दोघी नव्हत्या.

माफीचं पत्रक लोक घेईनात. पहिलं हातोहात गेलं होतं. शहाद्यात त्याच भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पयले ती बाई खोटी, आते तू खोटा. तिसरा कागद कव्हय छापस?" काहींनी डोक्याजवळ बोट फिरवलं. मंडळातल्या दोघांनी सुचवलं की काही दिवस मी लिहू नये. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

आता

चार वर्षं झाली. वाचलेली ओळ आता पहिल्यांदाच कळते. नावं अजून निसटतात, खिशात वही ठेवतो. घंटीने अंग ताठ होत नाही, नुसतं हलतं. दार लावून झोपतो, कंदील बारीक करून. हे आपोआप झालं, कुणी केलं नाही. पहिल्या वर्षी वाटायचं, हे असंच राहणार. तसं राहत नाही, एवढं आशेचं देऊ शकतो. याहून जास्त देणारा फसवतो.

तुमचा माणूस अशा खोलीतून घरी आला तर त्याला विचारा, आत तुला काय दिसलं. हसू नका. वाद घालू नका हे ठीक, पण गप्पही बसू नका. तेव्हा खोलीत कोण होतं, काय चाललं होतं, ते त्याला पुन्हा पुन्हा सांगा. आणि इस्पितळवाल्यांनो, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या नर्सना नक्की माहीत आहे. बरा असं लिहिता त्याच्या खाली दोन ओळी लिहायला शाई लागते ती माझ्याकडून न्या.

एस्तेर सिस्टर आता गुजरातच्या हद्दीपलीकडे एका लहान दवाखान्यात काम करते. तिथे धनुर्वाताची खोली नाही. तिच्या हाताखाली जे वाचले असते ते आता कुणाच्या हाताखाली आहेत, मला माहीत नाही.

आणि तो अंगठा. मला सगळं कळलं आहे, वडिलांनी, आक्काने, खुद्द सिस्टरने सांगितलं आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. तरी डोळे मिटले की ती बाई माझा अंगठा कागदावर दाबते. आठवण दुरुस्त होत नाही. तिच्या शेजारी खरी गोष्ट उभी करून ठेवावी लागते, रोज.

हा मजकूर नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांना दाखवला. आक्काला वाचून दाखवला. तिने सासूचं वाक्य काढून टाक म्हटलं, मग म्हणाली राहू दे, आणि सही केली. एस्तेर सिस्टरला टपालाने पाठवला. दीड महिन्याने परत आला. शेवटी तिची सही आहे, आणि एका ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिलं आहे: "घोंगडी काळी नव्हती. इस्पितळाची लाल होती. मीच टांगली होती."

वर मी काळी लिहिलं आहे ते तसंच ठेवलं आहे. मला ती अजून काळीच दिसते. लाल होती.